फुकट डेटिंग साईट खरी आहे का, सेफ आहे का, हे अकाउंट काढायच्या आधी कसं बघायचं

फुकट डेटिंग साईट दिसली की बहुतेक जण पहिलं विचारतात, ही फेक तर नाही ना. मी म्हणतो त्याच्याही आधी एक विचारा, ही साईट चालवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? सर्व्हरचं भाडं असतं, जाहिरातींचा खर्च असतो, तक्रारी बघायला माणसं लागतात, हे सगळं कुणीतरी भरतंय, आणि तुम्ही भरत नसाल तर दुसरं कुणीतरी भरतंय किंवा थोड्या दिवसांनी तुम्हालाच भरायला लावणार आहेत. पैशाचा रस्ता एकदा सापडला ना की साईट कुठल्या जातीची आहे ते आपोआप कळतं, बाकीच्या टेस्ट त्यानंतरच्या.

सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे बेसिक फुकट आणि जास्तीचं पेड. टिंडर, बंबल, हिंज, ओकेक्युपिड सगळे याच पद्धतीने चालतात (त्यातले टिंडर, हिंज, ओकेक्युपिड आणि प्लेंटी ऑफ फिश हे एकाच मॅच ग्रुपचे आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). यात काही गैर नाही, फक्त फुकटात नक्की काय मिळतं ते बघायचं. प्रोफाईल बनवणं तर सगळीकडेच फुकट असतं हो, त्याला काय अर्थ आहे, प्रश्न हा की समोरच्याचा मेसेज वाचता येतो का आणि त्याला उत्तर देता येतं का. दुसरा प्रकार जाहिरातींवर चालणाऱ्या साईटचा, तिथे तुमची माहिती हाच माल असतो. आणि तिसरा प्रकार, ज्याच्यापासून मी तरी चार हात लांब राहीन, तो म्हणजे कॉईन किंवा क्रेडिटवाला, दर मेसेजला पैसे. जरा विचार करा, जी साईट तुमच्या प्रत्येक मेसेजवर कमावते तिला तुम्ही कुणाला भेटून साईट सोडून जाणं परवडेल का? तिला तुम्ही नुसतं बोलत राहायला हवं असता, आणि समोर बोलणारं कुणी नसेल तर ती माणूस पगारावर ठेवते. हे मी मनचं सांगत नाहीये, पुढे नियम आणि अटींबद्दल लिहिलंय तिथे बघा, काही साईट स्वतःच तसं लिहून ठेवतात.

हे सगळं कसं चालतं त्याचं एक जुनं पण एकदम क्लिअर उदाहरण आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) इंग्लंडच्या जेडीआय डेटिंग नावाच्या कंपनीवर कारवाई केली. यांच्या साईटवर फुकट प्रोफाईल बनवलं की लगेच मेसेज यायला लागायचे, जवळच राहणाऱ्या कुणाला तरी तुम्ही आवडलात वगैरे, पण उत्तर द्यायचं तर पैसे भरा. ती प्रोफाईल कंपनीनेच बनवलेली होती, त्यांना नाव पण दिलं होतं, व्हर्च्युअल क्युपिड, आणि प्रोफाईलवर कोपऱ्यात व्ही सी असा बारका लोगो, जो कुणाच्या लक्षात येणार नाही. वर सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू व्हायचं. शेवटी कंपनीला ६,१६,१६५ डॉलर भरावे लागले. आजही ज्या फुकट साईट लोकांना गंडवतात त्यातल्या कितीतरी हाच खेळ खेळतात, फक्त डिझाईन नवीन.

आता प्रत्यक्ष तपासणी. अकाउंट काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं द्या, जास्त नाही लागत.

पहिलं, तुम्ही त्या साईटवर आलात कसे? स्वतः नाव टाईप करून आलात तर ठीक, पण जाहिरातीवरून, पॉपअपवरून किंवा अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवरून आला असाल तर ॲड्रेस बारमधलं नाव अक्षर अक्षर वाचा, मोठ्या साईटच्या नावात एखादं अक्षर जास्त किंवा मध्ये डॅश टाकून नकली साईट बनवतात. मग तो ॲड्रेस आयकॅनच्या (जगभरातल्या साईटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) लुकअप पेजवर टाका, डोमेन म्हणजे साईटचं नाव कधी रजिस्टर झालं त्याची तारीख फुकटात दिसते. होमपेजवर पन्नास लाख मेंबर आणि डोमेन तीन महिन्यांपूर्वीचं असं असेल तर विषय तिथेच संपला. पण एक, मालकाचं नाव लपवलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, आजकाल बरेच रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणाऱ्या कंपन्या) ते डिफॉल्टच लपवतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. तारीख महत्त्वाची.

कुलपाच्या चिन्हावर मात्र बिलकुल जाऊ नका. अजूनही लोक सांगतात की कुलूप दिसतंय म्हणजे साईट सेफ. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि साईटच्या मधलं कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाकीट नीट चिकटवलंय, पत्र कुणाच्या हातात पडणार ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फसवणूक करणाऱ्यांनाही फुकटात मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं. उलटं मात्र खरं आहे, ज्या साईटला एवढं पण नाही तिथे नाव सुद्धा टाकू नका.

मग पेजच्या तळाशी जा. कंपनीचं नाव, पत्ता, कॉन्टॅक्ट आहे का? नुसता एक फॉर्म असेल तर मला तरी ते पटत नाही. कंपनीचं नाव मिळालं की ते सर्च करा, त्याच्यापुढे रिफंड, कॅन्सल, फेक प्रोफाईल असे शब्द लावून बघा. अजून एक मस्त युक्ती, साईटच्या अबाउट पेजवरचं एखादं आख्खं वाक्य कॉपी करायचं आणि अवतरणचिन्हात टाकून सर्च करायचं. तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या आठ-दहा साईटवर निघालं तर समजायचं की एकाच डेटाबेसवर वेगवेगळी पाटी लावलेली दुकानं आहेत. हे दर वेळी बेकायदेशीर असतं असं नाही पण त्याचा परिणाम असा होतो की तुम्ही एका साईटवर टाकलेला फोटो तुम्ही कधी नाव पण ऐकलं नाही अशा दुसऱ्या साईटवर दिसतो, आणि तिथून काढायचा कसा ते कुणी सांगत नाही.

रिव्ह्यूंचं म्हणाल तर 'टॉप १० फ्री डेटिंग साईट' छापाच्या याद्या वाचूच नका, बहुतेक ठिकाणी लिंकवरून कुणी जॉईन झालं की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं, तो कशाला वाईट लिहील. ॲप स्टोअरवर रिव्ह्यू नवीन आधी असे लावा आणि दोन-तीन स्टारवाले वाचा. पाच स्टारवाले विकतचे असू शकतात, एक स्टारवाले चिडलेले असतात, मधले लोक बऱ्यापैकी डिटेलमध्ये लिहितात की काय चाललं आणि काय नाही.

आता येतो तो भाग जो कुणीच करत नाही आणि जिथे सगळ्यात जास्त सापडतं, नियम आणि अटी. आख्खं वाचायला मी पण सांगणार नाही. ब्राऊझरमध्ये पेजवर शब्द शोधायची सोय असते, मोबाईलवर पण असते, ती उघडा आणि ठराविक इंग्रजी शब्द शोधा. एंटरटेनमेंट, फिक्टिशस (fictitious), व्हर्च्युअल, ऑपरेटर, मॉडरेटर. 'ही सेवा मनोरंजनासाठी आहे, काही प्रोफाईल काल्पनिक आहेत, त्यांच्याशी प्रत्यक्ष भेट शक्य नाही' अशा अर्थाचं वाक्य सापडलं की झालं, साईटने स्वतःच्या हाताने कबुली दिलीये, टॅब बंद करा. मॉडरेटर हा शब्द नुसता दिसला तर लगेच घाबरायचं नाही, चांगल्या साईटवरही मॉडरेटर असतात, पण ते 'मेंबरशी चॅट करतात' असं लिहिलेलं असेल तर मात्र तेच ते. मग ऑटो रिन्यू शोधा, ट्रायल संपल्यावर किती कापणार आणि किती दिवस आधी कॅन्सल करावं लागतं ते तिथे असतं. कॅन्सल करणं अवघड ठेवणं ही फक्त छोट्या साईटची सवय नाही बरं का, फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये खुद्द मॅच ग्रुपवर केस केली होती, त्यात सबस्क्रिप्शन बंद करायची किचकट पद्धत हा एक मुद्दा होता, ती केस २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरवर मिटली. म्हणजे नाव मोठं आहे म्हणून डोळे झाकून कार्ड द्यायचं असं नाही.

प्रायव्हसी पॉलिसीमध्ये थर्ड पार्टी आणि रिटेन (retain) हे दोन शब्द शोधा. पहिल्याने कळतं माहिती कुणाला देतात, दुसऱ्याने कळतं अकाउंट डिलीट केल्यावर सुद्धा काय काय ठेवून घेतात. फायरफॉक्स ब्राऊझरवाल्या मोझिलाने २०२४ मध्ये २५ डेटिंग ॲप तपासली होती, त्यातल्या २२ वर प्रायव्हसीसाठी धोक्याचा शिक्का मारला, आणि त्यात चांगली नावाजलेली ॲप होती. तेव्हा शंभर टक्के सेफ साईट शोधत बसू नका, ती मिळणार नाही. साईटकडे तुमचं कमीत कमी काय गेलं पाहिजे हे तुम्ही ठरवायचं.

कारण गेलेलं परत येत नाही. ॲशली मॅडिसन या लग्न झालेल्यांसाठीच्या डेटिंग साईटचं प्रकरण अनेकांना आठवत असेल, २०१५ मध्ये हॅकर्सनी साडेतीन कोटींहून जास्त अकाउंटची माहिती बाहेर टाकली. त्यात चीड आणणारी गोष्ट ही की ही साईट १९ डॉलर घेऊन प्रोफाईल पूर्ण पुसून देतो म्हणायची, आणि ज्यांनी हे पैसे भरले होते अशांची माहिती पण त्यात निघाली. दुसऱ्या वर्षी ॲडल्ट फ्रेंड फाइंडरवाल्या कंपनीच्या साईट फुटल्या, त्यात ४१ कोटींच्या वर अकाउंट, आणि वर्षांपूर्वी डिलीट केलेली अकाउंट पण सापडली. म्हणून डिलीट केलं या शब्दावर कधी पूर्ण विश्वास ठेवू नका, जे बाहेर आलं तर तुमची झोप उडेल ते टाकायचंच नाही.

एवढं सगळं ठीक वाटलं तर मग ट्रायल अकाउंट. हे खरं प्रोफाईल नाही, ही टेस्ट आहे. वेगळा ईमेल काढा, पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरलेला नसावा, फोटो टाकू नका, स्वतःबद्दल काही लिहू नका, आणि एक दिवस सोडून द्या. फोटो नाही, माहिती नाही, तरी तासाभरात दहा-पंधरा देखण्या लोकांचे मेसेज आले आणि वाचायला पैसे मागितले तर ते लोक नाहीत हे वेगळं सांगायला नको. मग लोकेशन बदलून भलतंच कुठलं तरी दूरचं गाव टाका आणि बघा, तीच मंडळी आता तिथेही 'तुमच्यापासून २ किलोमीटरवर' असतील तर हसा आणि निघा. कुणाशी चॅट सुरू झालंच तर मध्येच एक विचित्र प्रश्न विचारा, तुमच्या आधीच्या मेसेजमधला शेवटचा शब्द काय होता असं काहीतरी, साधा बॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम) असेल तर गडबडतो, पगारी माणूस असेल तर विषय बदलतो (आजकालचे एआयवाले बॉट मात्र यात पास होतात, त्यामुळे पास झाला म्हणजे माणूस असं समजू नका). आणि जायच्या आधी सेटिंगमध्ये डिलीट अकाउंटचं बटण शोधा. ॲपलने तर ३० जून २०२२ पासून नियमच केलाय की ज्या ॲपमध्ये अकाउंट बनवता येतं त्याच ॲपमध्ये ते डिलीट पण करता आलं पाहिजे. बटण सापडत नसेल, किंवा ईमेल करा मग आम्ही बघू असं असेल, तर तिथे खरं प्रोफाईल बनवू नका.

साईट टेस्टमध्ये पास झाली तरी खऱ्या प्रोफाईलसाठी काही गोष्टी पाळा. कामाच्या प्रोफाईलवर किंवा इन्स्टावर आहे तो फोटो इथे नको, कारण रिव्हर्स इमेज सर्चने, म्हणजे फोटो टाकून शोधलं की, एका मिनिटात तुमचं नाव आणि कंपनी निघते. फोटो वेगळा काढा, मागे घराचा नंबर, गाडीची प्लेट, ऑफिसचं आयकार्ड असलं काही नको. लोकेशनची परमिशन अंदाजे एवढीच द्या, अचूक नाही. किलोमीटर तर दाखवतात, त्यात काय एवढं, असं वाटतं पण अंतरावरून जागा काढता येते, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर मोजलं की माणूस कुठे आहे तो बिंदू सापडतो, टिंडरमध्ये २०१३ च्या सुमारास असाच प्रॉब्लेम सिक्युरिटीवाल्यांनी दाखवून दिला होता आणि मग तो दुरुस्त झाला. कॉन्टॅक्ट लिस्टची परमिशन देऊ नका, ब्राऊझर नोटिफिकेशनला नाही म्हणा, आणि ॲप स्टोअर सोडून साईटवरून फाईल डाउनलोड करून ॲप टाका असं कुणी सांगत असेल तर तो डेटिंगचा विषयच नाही, तुमच्या फोनचा आहे.

जुन्या ईमेलने काढलेलं एखादं अकाउंट फुटलंय का हे 'हॅव आय बीन पॉन्ड' या साईटवर फुकट बघता येतं. डेटिंगसारखी नाजूक प्रकरणं तिथे कुणालाही उघड दाखवत नाहीत, तो ईमेल तुमचाच आहे हे व्हेरिफाय केल्यावरच दिसतात, ही चांगली सोय आहे, नाहीतर शेजारच्याने तुमचा ईमेल टाकून बघितलं असतं.

आता साईट खरी असली म्हणून समोरचा माणूस खरा असं होत नाही, आणि खरं नुकसान इथेच होतं. एकट्या अमेरिकेत २०२२ मध्ये जवळपास ७०,००० लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची तक्रार केली, एकूण १३० कोटी डॉलर गेले, हे ज्यांनी तक्रार केली त्यांचं फक्त. ठरलेला पॅटर्न असतो. पहिल्या एक-दोन दिवसात व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर चल म्हणतात, कारण साईटवर तक्रार झाली तर प्रोफाईल उडेल. व्हिडिओ कॉलला कॅमेरा नेहमी बिघडलेला. भेटायचं ठरतं आणि आयत्या वेळी ॲक्सिडेंट होतो, आजारपण येतं, कस्टममध्ये पार्सल अडकतं. मग पैसे, तेही गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोने, कारण ते परत फिरवणं जवळजवळ अशक्य. हल्ली तर पैसे मागतच नाहीत, उलट सांगतात की मी एका ट्रेडिंग ॲपवर छान कमावतेय, तू पण थोडे टाकून बघ, थोडे टाकले की नफा दिसतो, थोडे काढता पण येतात, आणि मोठी रक्कम टाकली की ॲप, नफा आणि माणूस सगळं एकदम गायब. ज्याला प्रत्यक्ष भेटला नाहीत त्याच्या सांगण्यावरून एक रुपया, एक डॉलर, काहीच कुठे टाकायचं नाही, त्याने दिलेलं कारण कितीही खरं वाटू दे.

अजून एक प्रकार सुरक्षिततेच्याच नावाखाली येतो. समोरचा म्हणतो, मी आधी फसले आहे म्हणून तू या लिंकवर तुझं फुकट व्हेरिफिकेशन करून घे, मग भेटू. लिंक उघडली की कार्ड नंबर मागतात आणि मग दर महिन्याला पैसे कापले जातात. साईटचं स्वतःचं व्हेरिफिकेशन त्या साईटच्या आतच होतं, मेंबरने पाठवलेल्या लिंकवर कधीच नाही. तसंच फोनवर आलेला ओटीपी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, प्रेमात असलात तरी.

माणूस तपासायचा तर त्याचे फोटो गुगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या सेवांवर टाका. दुसऱ्याच नावाने सापडले तर झालंच, पण काहीच सापडलं नाही म्हणजे खरा असं समजू नका, एआयने बनवलेला चेहरा कुठेच सापडत नाही. व्हिडिओ कॉलवर मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, एआयने लावलेला नकली चेहरा अशा वेळी बरेचदा फाटतो, दर वेळी नाही. खरा माणूस हसेल आणि करेल, रागावून भांडायला लागला तर तेच उत्तर. कपड्यांशिवायचे फोटो किंवा व्हिडिओ कॉल यात तर पडूच नका, आणि पडलात आणि कुणी धमकी देत असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट, नंबर, अकाउंट डिटेल यांचे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा, आपल्या देशातल्या सायबर क्राईमला कळवा. स्टॉप एनसीआयआय नावाची फुकट सेवा आहे, ती तुमच्या फोनवरच फोटोचा डिजिटल ठसा बनवते, फोटो कुठे अपलोड होत नाही, आणि तो ठसा सहभागी कंपन्यांना देते म्हणजे त्यांना तो फोटो ओळखून अडवता येतो.

भेटायचं ठरलं तर गर्दीच्या जागी, जायची-यायची सोय स्वतःची, आणि कुठे कुणाला भेटतोय ते घरच्या किंवा मित्रमंडळींपैकी एकाला सांगून जा.

आणि ज्यांनी आधीच कार्ड दिलंय त्यांच्यासाठी. ॲप फोनमधून उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही आणि अकाउंट पण डिलीट होत नाही, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आधी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करा, साईटवर थेट कार्ड दिलं असेल तर तिथे कॅन्सल करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, मग प्रोफाईलमधले फोटो आणि माहिती हाताने काढा, मग अकाउंट डिलीट, शेवटी ॲप. तरी पैसे कापत राहिले तर बँकेला फोन करून चार्जबॅक (कापलेले पैसे परत फिरवणं) मागा आणि कार्ड बदलून घ्या. त्यानंतर काही आठवड्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, थोडी फी भरा' असा मेसेज किंवा कॉल येऊ शकतो, फसलेल्या लोकांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात, त्यामुळे त्यांना तुमचं नाव, रक्कम, साईट सगळं माहीत असतं. त्याला उत्तर न देता तो नंबर सायबर क्राईमकडच्या तक्रारीत जोडून टाका.